११ वर्षांचा कुत्रा आहे, मुंबईत कोणी घेईल का? (मामींचा बंड्या)

पार्लेवाली

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतंच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

माझ्या मामी ७८ वर्षांच्या, विलेपार्ल्याला एकट्या राहतात, मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन कसंबसं चालतात. मामेभाऊ त्यांना कायमचं नाशिकला नेतोय. प्रश्न आहे बंड्याचा. वहिनींना दमा आहे त्यामुळे बंड्या नाशिकला जाऊ शकत नाही असं भावाचं स्पष्ट म्हणणं.

बंड्या गावठी आहे, तपकिरी, चारही पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे, एक कान उभा आणि दुसरा कायम पडलेला. पिल्लू असताना बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये सापडला होता, तेव्हापासून मामींकडेच आहे. नसबंदी झालेली आहे, रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी होतं. स्वभाव एकदम शांत, फक्त लिफ्टचं वावडं, पुढचे दोन पाय आत टाकतो आणि मागचे दोन बाहेर ठेवून विचार करत बसतो, तोवर वरून कोणीतरी बेल दाबून दाबून वैतागतं. मामींच्या चारच्या चहाबरोबर दोन पार्ले-जी त्याचे ठरलेले.

इन्स्टावर टाकलं, फेसबुकच्या ग्रुप्सवर टाकलं, व्हॉट्सअ‍ॅपवर तर किती फिरलं देव जाणे. विचारणा येतात पण "पिल्लू आहे का", "ब्रीड कुठली", वय सांगितलं की पुढे उत्तरच नाही. मी स्वतः गोरेगावला भाड्याने राहते, अ‍ॅग्रीमेंटमध्ये पाळीव प्राणी नको असं लिहिलेलं आहे. एका संस्थेने जागा नाही म्हणून सांगितलं, त्यांचंही बरोबर असेल.

आता सोसायटीतले काही जण म्हणतायत गावठीच आहे ना, राहील की कंपाउंडमध्ये, वॉचमन घालेल खायला. एका काकांनी तर "इंजेक्शन देऊन टाका, त्यालाही सुटका" असं मामींच्या समोर म्हटलं, मामी दोन दिवस जेवल्या नाहीत. फ्लॅट महिनाअखेर रिकामा करायचाय. म्हाताऱ्या कुत्र्याला खरंच कोणी घेतं का? शेल्टरमध्ये ठेवावं का? काय करू?

खादाड_बोका

कंपाउंडमध्ये सोडायचं डोक्यातून काढून टाका प्लीज. ११ वर्षं पंख्याखाली झोपलेला कुत्रा आहे तो, बाहेरची टोळी पहिल्याच रात्री फाडेल त्याला, आणि वॉचमन बदलला की खायला कोण घालणार? शिवाय हा गुन्हा आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा जो कायदा आहे त्याच्या कलम ११ मध्ये पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणं येतं. दंड म्हणाल तर हसाल, पहिल्या वेळेस जास्तीत जास्त ५० रुपये, साठ वर्षांपूर्वीचा आकडा अजून तसाच. पण गुन्हा तो गुन्हाच.

आणि "गावठी म्हणजे रस्त्यावरचा" हे लोकांचं लॉजिक मला कधी कळलं नाही. २०२३ च्या एबीसी (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल) नियमांत पाळीव आणि रस्त्यावरचे असे दोन वेगळे प्रकार आहेत, नसबंदी करून जिथून उचलला तिथेच परत सोडा हे रस्त्यावरच्यांसाठी. घरातल्याची जबाबदारी मालकाची. मामींनी ११ वर्षं सांभाळलाय, तो पाळीवच झाला.

सरळमार्गी

थोडं स्पष्ट बोलतो, राग नसावा. दमा हे कारण मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पहिला प्रश्न हाच येतो, वहिनींची टेस्ट केलीय का? छातीच्या डॉक्टरने कुत्रा नको असं सांगितलंय की भावाला नकोय म्हणून दमा पुढे केलाय? कारण बंड्यासाठी सगळ्यात चांगलं घर मामींचंच, मग ते नाशिकला का असेना. नाशिकला स्वतःचं घर असेल, गॅलरी असेल, एखादी वेगळी खोली असेल तर निदान विचार तरी करा. मामींचं पण बघा ना, एवढं मोठं ऑपरेशन, घर सुटलं, शहर सुटलं, आणि वर कुत्रा पण गेला. खरंच दमा असेल तर माझे शब्द मागे.

मनीमाऊ_मुलुंड

@सरळमार्गी, खरा दमा असला तर घरात केस आणि कोंडा उडत राहतो, वेगळ्या खोलीने फार फरक पडत नाही. पण विचारायला हरकत नाही हे मान्य.

पार्लेवाली ताई, मी बरीच वर्षं मुलुंड-भांडुप पट्ट्यात कुत्र्या-मांजरांना घरं शोधून देण्याचं काम करते, संस्था वगैरे नाही, आम्ही तीन-चार बायका आहोत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो, घेतात. पण इन्स्टावरून नाही घेत. इन्स्टावर पिल्लांची गर्दी असते, तिथे पांढरं तोंड झालेल्या कुत्र्याकडे लोक "सो स्वीट" लिहून पुढे जातात. म्हातारा कुत्रा जातो तो ओळखीतून. आमच्याकडे जेवढी मोठ्या वयाची कुत्री गेली त्यातली बहुतेक अशा माणसाकडे गेली ज्याने त्या कुत्र्याला आधी कुठेतरी बघितलेलं होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं, अनोळखी लोक शोधणं थांबवा आणि बंड्याला ओळखणाऱ्या माणसांची यादी काढा. मामी हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा त्याला खाली कोण नेत होतं? कामवाल्या मावशी, इस्त्रीवाला, खालच्या मजल्यावरचे, सकाळी बागेत भेटणारे, ज्यांचा कुत्रा नुकताच गेलाय असे कोणी, तुमचा व्हेट, व्हेटचा कंपाउंडर (यांना सगळं माहीत असतं, कुणाचं घर रिकामं झालंय ते). त्यातल्या प्रत्येकाला स्वतः भेटून विचारा, फॉरवर्ड पाठवून नाही.

दुसरं म्हणजे लोक नाही का म्हणतात ते समजून घ्या. प्रेम कमी असतं असं नाही, खर्चाची भीती असते. ११ वर्षांचा म्हणजे उद्या किडनी, परवा गाठ, मुंबईत व्हेटची बिलं कशी येतात ते सगळ्यांना माहितीय. तर भावाला सांगा, कुत्रा नेता येत नाही ना, मग त्याच्या औषधपाण्याचा खर्च शेवटपर्यंत तू दे. आणि हे नुसतं तोंडी नको, लिहून द्या, व्हेटकडे नाव सांगून ठेवा की बिल भावाकडे पाठवा. "सांभाळा" म्हटल्यावर दार बंद करणारी माणसं "खर्च सगळा आमचा, तुम्ही फक्त घरात ठेवा" म्हटल्यावर दार उघडतात, हे मी किती वेळा बघितलंय. कायमचं म्हणू पण नका आधी. "महिनाभर ठेवून बघा, नाही जमलं तर मी येऊन घेऊन जाईन" म्हणा, आणि तशी खरंच तयारी ठेवा.

तिसरं, त्याची तपासणी आत्ताच करून घ्या, मामी इथे आहेत तोवर. रक्त (सीबीसी, किडनी, लिव्हर, शुगर), लघवी, जमलं तर कंबर आणि मागच्या पायांचा एक्सरे, दात, कान, आणि अंगावर हात फिरवून कुठे गाठ लागते का. गोचिड तापाचं नक्की बघा, मुंबईत फार आहे, प्लेटलेट्स खाली गेलेल्या असतात आणि वरून कुत्रा फक्त सुस्त दिसतो, लोक म्हणतात वय झालं. सगळं एका फाइलमध्ये लावा. घेणाऱ्याच्या हातात फाइल दिली की त्याला कळतं आपण काय घेतोय. काही निघालं तर लपवू नका. लपवलेला आजार महिन्याने कळला की कुत्रा परत येतो आणि दुसऱ्यांदा घर सुटलेलं कुत्रं फार खचतं.

जाहिरात लिहायचीच असेल तर "अर्जंट, नाहीतर रस्त्यावर जाईल" असलं लिहू नका, त्याने चुकीची माणसं येतात. तो लिफ्टवाला किस्सा लिहा की! मी तो वाचूनच हसले. फोटो उजेडात, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढा. वय खरं लिहा. एकटा किती तास राहतो, मांजर चालतं का, लहान मुलांशी कसा आहे, फटाक्यांना घाबरतो का, रात्री उठतो का, हे लिहा.

घेणाऱ्याच्या घरी स्वतः जाऊन या. फोनवर गोड बोलणारे कितीतरी. घर स्वतःचं की भाड्याचं, घरातल्या सगळ्यांना मान्य आहे का (सासूबाई हा महत्त्वाचा मुद्दा, हसू नका), गावाला जाताना काय करणार, खिडक्यांना जाळी आहे का. वॉचमन म्हणून बंगल्याबाहेर बांधायला मागणारे पण येतील, त्यांना सरळ नाही म्हणा. मला व्यनि (खाजगी निरोप) करा, मी पार्ल्यातल्या एक-दोघींशी बोलून बघते.

परळकर

शेल्टरबद्दल. मी बैलघोड्याच्या (परळचं जनावरांचं हॉस्पिटल) जवळच राहतो त्यामुळे लोक हा प्रश्न मला नेहमी विचारतात, जणू मीच चालवतो ते हॉस्पिटल. आजारी, जखमी जनावरांवर उपचार हे त्यांचं मुख्य काम, तिथे आधीच एवढी गर्दी असते की घरच्या तब्येतीने ठीक असलेल्या कुत्र्याला कायमचं ठेवायची ती जागा नाही. तशीच बाकी शेल्टर्स. मी नावं ठेवत नाही, उलट ती माणसं काय परिस्थितीत काम करतात ते बघितलंय, पण शेल्टर म्हणजे पिंजरा, आजूबाजूला पन्नास कुत्री भुंकतायत, संसर्ग आहेच, आणि आयुष्यभर एकाच म्हातारीच्या पायाशी बसलेला प्राणी. खाणं सोडतात तिथे. अगदी शेवटचा पर्याय म्हणून ठेवा, आणि ठेवायचं तर आधी जाऊन बघून या.

मधला मार्ग आहे पैसे देऊन बोर्डिंगचा. बदलापूर-कर्जतकडे मोकळ्या जागेवाली बोर्डिंग आहेत, मुंबईत पण घरी ठेवणारे लोक असतात. महिनाअखेरची तारीख डोक्यावर आहे म्हणून घाईत कोणालाही देण्यापेक्षा एखाद-दोन महिने पैसे मोजून ठेवा आणि तेवढ्यात नीट घर शोधा. तारीख फ्लॅटची आहे, कुत्र्याची नाही.

त्या इंजेक्शनवाल्या काकांना काही बोलू नका, पण कुठलाही चांगला व्हेट धडधाकट कुत्र्याला असं झोपवणार नाही. ते असाध्य आजारात, यातना थांबत नसतील तेव्हाचं आहे.

चिंगीची_आई

माझा अनुभव सांगते म्हणजे पार्लेवालीला धीर येईल. आम्ही दोघं निवृत्त, मुलगा बाहेर. आमची आधीची कुत्री गेल्यावर ह्यांनी जाहीर केलं आता पुरे. मग मागच्या बिल्डिंगमधलं कुटुंब परदेशी चाललं होतं त्यांची ९ वर्षांची लॅब (लॅब्रेडोर), चिंगी, आम्ही "तुमचं विमान सुटेपर्यंत" म्हणून ठेवली. ती अजून आहे.

पहिले दिवस कठीण गेले हे खोटं नाही बोलणार. दाराकडे तोंड करून बसायची, जेवायची नाही, रात्री घरभर फिरायची आणि नखांचा टकटक आवाज यायचा फरशीवर. अडॉप्शनवाले ३-३-३ म्हणतात ना, ३ दिवस बावरलेलं, ३ आठवड्यांत आपलं रुटीन कळतं, ३ महिन्यांत घर आपलं वाटतं, ते साधारण तसंच झालं, फक्त आमच्याकडे खाण्याचा प्रश्न आधी सुटला कारण लॅब शेवटी लॅब.

आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्स हा म्हाताऱ्या कुत्र्यांचा खरा शत्रू. चिंगीचे मागचे पाय असे हळूहळू बाजूला सरकत जायचे, ताटलीसमोर उभी असतानाच, आणि मग ती खाणं सोडून बसून घ्यायची. आम्हाला वाटायचं पोट भरलं. व्हेटनी घरी येऊन बघितलं तेव्हा कळलं की ती उभीच राहू शकत नाहीये. मग जिथे जिथे ती वावरते तिथे रबरी पाठीच्या चटया टाकल्या, तळव्यातले वाढलेले केस कापले, नखं कापली, ताटली एका पाटावर ठेवली, आणि वजन उतरवलं. सांध्यांच्या गोळ्या व्हेटच्या सांगण्यावरून. आपल्या घरातली दुखण्याची गोळी मात्र चुकूनही देऊ नका कोणी, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्यांना विष आहे.

बाकी सुख विचाराल तर म्हातारं कुत्रं पाळण्यासारखं सुख नाही. चपला शाबूत, सोफा शाबूत, शी-शू शिकवावी लागत नाही. दुपारी आमच्याबरोबर झोपते. आमच्या वयाला पिल्लू झेपलंच नसतं, आणि खरं सांगायचं तर पिल्लू १३-१४ वर्षं जगणार, आमच्या मागे त्याचं कोण करणार हा प्रश्न आम्हालाच पडायचा. मामींसारखंच झालं असतं. तेव्हा निवृत्त जोडप्यांकडे विचारा, तरुण मुलांच्या मागे नका लागू.

आणि ताई ते पार्ले-जी बंद नका करू लगेच, व्हेट ओरडेल, ओरडू दे. नवीन घरात निदान चारची बिस्किटं तरी तीच हवीत.

सोसायटी_सेक्रेटरी

नावावरून शिव्या घालू नका, मी कुत्रेवाला सेक्रेटरी आहे :)

दोन गोष्टी. नवीन घरच्यांना "सोसायटीत चालत नाही" असं कोणी सांगितलं तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. सोसायटी बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्ट पण नाकारू शकत नाही. (बंड्याला लिफ्ट नकोच आहे म्हणा.) मालकाने पट्टा लावावा, घाण उचलावी ही अपेक्षा आहेच.

पण भाड्याच्या घराचं वेगळं. तिथे तुमचा घरमालकाशी झालेला करार चालतो, त्यात नको लिहिलं असेल तर भांडून उपयोग नाही. तरी पार्लेवाली ताई, तुम्ही तुमच्या घरमालकाला प्रत्यक्ष विचारलंय का? ते कलम बऱ्याच वेळा एजंटच्या छापील नमुन्यात आधीच असतं, मालकाने वाचलेलं पण नसतं. थोडं डिपॉझिट वाढवून देते म्हणा, म्हातारा आहे, भुंकत नाही सांगा, दोन महिन्यांपुरतं विचारा. हो म्हणाला तर मेलवर घ्या.

पार्लेवाली

बापरे एवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देते.

@सरळमार्गी राग नाही आला, मी पण हेच विचारलं होतं भावाला. दमा खरा आहे, वहिनी दोनदा अ‍ॅडमिट होत्या, पंप कायम पर्समध्ये. पण तुमच्यामुळे एक झालं, खर्चाचं विचारायचा मला धीर झाला. भाऊ लगेच हो म्हणाला, उलट त्यालाच बरं वाटलं असं वाटलं मला, इतके दिवस तो विषय टाळत होता.

@मनीमाऊ यादी काढली. मामी हॉस्पिटलमध्ये असताना बंड्याला तळमजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका खाली नेत होत्या, त्यांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं कारण त्या स्वतःच एकदा म्हणाल्या होत्या "माझ्या पेन्शनीत कुत्रं कुठे बसतं". आज जाऊन खर्चाचं सांगितलं. त्या लगेच हो नाही म्हणाल्या, विचार करते म्हणाल्या, पण मग स्वतःहूनच विचारलं त्याला चिकन लागतं का, कारण घरी शाकाहारी. मामी त्याला दूधभात, अंडं आणि डॉग फूड देतात, चिकन कधीतरी. अंड्याला त्यांची हरकत नाही. शनिवारपासून ठेवून बघतायत. तळमजला असल्यामुळे लिफ्टचा प्रश्नच मिटला.

रक्ताचे रिपोर्ट आले, किडनीचं क्रिएटिनिन थोडं वर आहे, बाकी ठीक. व्हेट म्हणाले खाणं बदलू, पाणी भरपूर, तीन महिन्यांनी परत बघू. हे बाईंना सांगू की आधी रुळू दे मग सांगू?

घरमालकाला मेल केलाय, अजून उत्तर नाही.

आणि एक, मामींनी निघायच्या आधी बाईंकडे जाऊन त्याला भेटावं का? की त्याने तो अजून बिथरेल?

मनीमाऊ_मुलुंड

आत्ताच सांगा, आजच. रिपोर्टची झेरॉक्स द्या आणि व्हेटला बाईंशी फोनवर बोलायला सांगा, तुम्ही समजावण्यापेक्षा ते बरं. शाकाहाराचं फार टेन्शन नको, किडनीवाल्याला प्रोटीन किती आणि कुठलं ते तसंही व्हेटच ठरवणार, किडनीसाठीचं वेगळं डॉग फूड मिळतं, ते पाकिटातलं असल्यामुळे बाईंच्या स्वयंपाकघरात काही शिजवायला लागणार नाही. ते महाग असतं एवढं भावाला आधी सांगून ठेवा.

मामींनी जरूर जावं, पण शनिवारी सोडायला नको. मामी सोडून गेल्या असं व्हायला नको. शनिवारी बाईंनीच वर यावं, नेहमी फिरायला नेतात तसं न्यावं, आणि फिरून आल्यावर आपल्या घरात न्यावं. त्याची गादी आणि ताटली आधीच खाली नेऊन ठेवा, गादी धुवू नका अजिबात, कितीही वास येत असला तरी. मामी दोन-तीन दिवसांनी चहाला जाऊ देत बाईंकडे, चारच्या सुमारास. नंतर नाशिकहून व्हिडिओ कॉल मामींसाठी करा, बंड्याला फोनमधलं काही कळणार नाही.

चिंगीची_आई

+१ गादीचं. आणि बाईंचं स्वतःचं वय काय आहे? वाईट वाटून घेऊ नका पण त्यांना काही झालं तर पुढचं नाव कोणाचं ते आत्ताच ठरवा.

पार्लेवाली

६७. पुढचं नाव माझं लिहितोय, घरमालक काहीही म्हणो, तेव्हाचं तेव्हा बघू.

सोसायटी_सेक्रेटरी

महापालिकेचं लायसन्स मामींच्या नावावर असेल तर ते आता बाईंच्या नावाने घ्या, ऑनलाइन होतं, रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. लसीची तारीख बघून ठेवा, संपत आली असेल तर आधी लस. आणि पावसाळ्याच्या आत लेप्टोची लस झालीय का तेही विचारा, तळमजला आहे, पार्ल्यात पाणी तुंबतं.